बंब आधी, इमारत नंतर: एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राच्या कामाच्या नोंदी

मराठवाड्यातल्या कापूसपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. मी इथल्या नगरपरिषदेचा अग्निशमन विभाग सांभाळतो. नवीन केंद्र बांधायचं ठरल्यापासून या नोंदी ठेवल्या आहेत. ज्या नगरपरिषदेत हेच काम निघणार आहे, तिथल्या अग्निशमनवाल्याच्या आणि अभियंत्याच्या हातात त्या पडाव्यात, एवढ्यासाठी.

१८ जुलै २०२३

सध्याचं केंद्र म्हणजे नगरपरिषदेच्या आवारातली पत्र्याची शेड. साडेचार हजार लिटरचा एक मोठा बंब, एक मिनी, आणि बाजूला दूरध्वनीची खोली. आठवडी बाजाराच्या दिवशी फाटकाबाहेर पाल लागतात आणि मोठा बंब बाहेर काढायला माणसं पुढे धाडावी लागतात. दिवाळी ते मार्च जिनिंगचा हंगाम. कापसाला लागलेली आग वरून विझलेली दिसते, पण गंजीच्या आणि गठाणीच्या पोटात धुमसत राहते. त्यामुळे पहिली काही मिनिटं हातची गेली की पुढे दोन-दोन दिवस पाणी मारत बसावं लागतं.

याच महिन्यात केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यासाठी ५,००० कोटींची योजना सुरू केली. पैसा पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतला, आणि आपल्यासारख्या राज्याचा हिस्सा २५ टक्के. मुख्याधिकारी मॅडमनी बोलावून विचारलं, "प्रस्ताव किती दिवसांत द्याल?" मी म्हणालो, "मॅडम, आधी जागा ठरू द्या. जागा चुकली तर प्रस्ताव मंजूर होऊनही उपयोग नाही." त्यांनी ते मानलं, आणि या कामातला पहिला योग्य निर्णय तोच ठरला.

२९ ऑगस्ट २०२३

विकास आराखड्यात अग्निशमन केंद्राचं आरक्षण आहे, मोंढ्याच्या मागे. कागदावर जागा उत्तम. प्रत्यक्षात ती आणि जिनिंगचा भाग यांच्या मध्ये रेल्वेचं फाटक. शहरी भागात ५ ते ७ मिनिटांत पोचावं, हा स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष. तो नकाशावर मोजता येत नाही. म्हणून बंब घेऊन निघालो, वेगवेगळ्या वेळी आणि बाजाराच्या दिवशीसुद्धा. चालक मामांचं म्हणणं पहिल्यापासून एकच: "साहेब, फाटक पडलं की मालगाडी जाईस्तोवर आपण प्रेक्षक."

रुळाखालचा भुयारी मार्ग आहे, पण तिथला उंचीचा आडवा बार शिडी लावलेल्या मोठ्या बंबाला नडतो, आणि पावसाळ्यात तिथं पाणी साचतं ते वेगळंच.

दुसरी जागा, जिनिंगच्या बाजूला हमरस्त्यावर जुना जकात नाका. जकात गेली तेव्हापासून पडून आहे. उपजिल्हा रुग्णालय तिथून जवळ. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली, तेव्हापासून आमच्या मनात रुग्णालयाचा रस्ता नेहमी पहिला असतो. अडचण अशी की नाक्याची जागा घेतली तर जुनं गाव फाटकापलीकडे राहतं. तोडगा निघाला तो असा: मोठे बंब नाक्यावर, आणि मिनी बंब चार माणसांसह जुन्या शेडमध्येच. जुन्या गावाच्या बोळांत तसाही मोठा बंब शिरत नाही. शेड पाडून तिथं वाहनतळ करायचा विचार चालला होता, तो लेखी थांबवून घेतला.

२० नोव्हेंबर २०२३

जागेचे कागद. मिळकत पत्रिकेवर नाव नगरपरिषदेचं, पण अतितातडीची मोजणी करून घेतली तेव्हा दर्शनी बाजूची पट्टी रस्त्याच्या हद्दीत निघाली. शिवाय उरलेल्या जागेपैकी काही भाग आराखड्यात वाहनतळासाठी आरक्षित. म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल. ठराव, जाहीर सूचना, महिनाभर हरकती, मग शासनाकडे. नगरपरिषदेवर प्रशासक असल्याने ठरावाला वेळ लागला नाही, पुढच्या टप्प्यांना लागला.

जागा निवडणाऱ्यांनी मोजणी आणि आराखड्याचा उतारा या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात मागवाव्यात. आम्ही जागा ठरवून मग मोजणी केली. उलट क्रमाने केलं असतं तर फेरबदलाचा प्रस्ताव पावसाळ्यातच गेला असता.

टपऱ्या होत्या. त्यांना शहर फेरीवाला समितीमार्फत समोरच्या बाजूला जागा दिली. एक चहावाला आजही आमच्या माणसांना चहा देतो. जबरदस्तीने हटवलं असतं तर न्यायालयात वर्ष गेलं असतं, आणि ती माणसंही आपल्याच गावची आहेत.

१२ जानेवारी २०२४

चाचणी खड्डे घेतले. काळी माती जवळजवळ साडेतीन मीटर, मग मुरूम. इमारतीचा नकाशा करणाऱ्या सल्लागाराच्या पहिल्या अंदाजपत्रकात पाया दीड मीटरचा धरला होता. पाण्याने फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती साध्या घराच्या भिंती फोडते. इथं तर भरलेला बंब सोळा टनांच्या घरात जातो आणि तो रोज त्याच फरशीवर त्याच चाकांवर उभा राहणार. ठरलं ते असं: खांबांचे पाये मुरमापर्यंत न्यायचे. बंब उभे राहतील तिथली आणि पुढच्या आवाराची काळी माती दीड मीटर काढून टाकायची, थराथराने मुरूम भरून रोलर फिरवायचा.

मातीचा अहवाल हाती येण्याआधी अंदाजपत्रक करू नका. जुनं अंदाजपत्रक त्याच दिवशी रद्द झालं आणि सल्लागाराने तेवढं काम पुन्हा केलं. त्याबद्दल त्याने जादा फी मागितली नाही, हे नोंदवायला हवं.

१८ मार्च २०२४

शनिवारी लोकसभेची आचारसंहिता लागली. सुधारित अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेच्या टेबलावर. काही हलणार नाही. हा काळ इमारतीच्या नकाशाला द्यायचं ठरलं.

९ जून २०२४

आचारसंहिता उठली. त्याआधी मे महिन्यात जे केलं ते या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं, म्हणून सविस्तर लिहितो.

सल्लागाराचा नकाशा सुबक होता. तीन बंबांची दारं, मध्ये दोन खांब, बाजूला कॉल घेण्याची वॉच रूम, वर कार्यालय आणि माणसांची राहण्याची खोली. कागदावर सगळं बसत होतं. आम्ही शाळेच्या मैदानावर फक्की टाकून तो नकाशा खऱ्या मापात आखला. भिंतींच्या रेषा, खांबांच्या जागी पिंप, रस्त्याची कड म्हणून दोरी. मग मामांना म्हटलं, "आता निघा." बंब सरळ बाहेर आला, रस्त्याकडे वळला, आणि मागचं टोक बाजूच्या पिंपाला घासलं. पिंप कलंडलं. चाकांच्या मागे बंबाचा जो भाग लोंबतो तो वळताना उलट्या बाजूला फिरतो, आणि नकाशावर ते दिसत नाही. पाणी भरून आणि रिकामा, दोन्ही तऱ्हांनी, मिनी बंबानेही फेऱ्या मारल्या. सल्लागार दोरी धरून उभा होता. दुसऱ्या फेरीनंतर तो स्वतःच म्हणाला, "खांब मागे घ्यावे लागतील."

त्यातून झालेले बदल: दारांची रुंदी चार मीटर, उंची साडेचार. दर्शनी खांब मागे सरकवले आणि वरचा भाग पुढे झुलता ठेवला. दारांपासून रस्त्यापर्यंतचं आवार वाढवलं, म्हणजे बंब पूर्ण बाहेर येऊन सरळ होईल आणि मगच रस्त्याला लागेल. मागून आत येण्याचा वेगळा रस्ता काढला. उलटा बंब आत घालताना हमरस्ता अडतो, आणि त्याच वेळी दुसरा कॉल आला तर बाहेर पडता येत नाही.

माणसांच्या धावेचीही रेषा आखली. झोपण्याच्या खोलीतून बंबाच्या दारापर्यंत. पहिल्या नकाशात जिना कार्यालयाच्या बाजूला होता आणि वाटेत दोन दरवाजे. आता जिना थेट बंबांच्या हॉलमध्ये उतरतो, दरवाजा एकही नाही. जमिनीला टाइल्स नकोत, ट्रिमिक्स काँक्रीट, म्हणजे यंत्राने जादा पाणी शोषून घट्ट केलेलं. टाइल्सवर ओल्या बुटाने माणूस घसरतो. शटर विजेवर चालणारं होतं, ते काढून हाताने उघडणारी घडीची दारं घेतली. वीज गेली म्हणून बंब आत अडकला, असं एकदाही घडता कामा नये.

याचा खर्च फक्कीच्या चार गोण्या आणि बंबाचं डिझेल. पाये भरल्यावर हेच कळलं असतं तर खांब तोडावा लागला असता.

११ जुलै २०२४

काल सकाळी सातच्या सुमारास हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, इथंही भांडी हलली. मार्चमध्येही बसला होता. सल्लागाराच्या संरचना गणनेत इमारत साध्या कार्यालयासारखी धरली आहे का, ते आज तपासलं. तशीच धरली होती. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात रुग्णालय, शाळा, अग्निशमन केंद्र अशा इमारतींना महत्त्व गुणांक १.५ आहे, म्हणजे भूकंपाचा जोर दीडपट धरायचा. भूकंपात हीच इमारत सर्वांत आधी कामाला यायची असते, दारं वाकून बंब आत अडकले तर काय उपयोग? किल्लारी १९९३ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं महत्त्व सांगावं लागत नाही. नगर अभियंता साहेबांनी पत्र काढलं, गणना पुन्हा झाली, लोखंड वाढलं.

२ ऑगस्ट २०२४

अंदाजपत्रक अंतिम. आकडे उघडपणे लिहितो, कारण फसगत इथंच होते.

पहिल्या अंदाजपत्रकात इमारतीचे २ कोटी ४० लाख आणि त्यावर १२ टक्के वस्तू व सेवा कर, एवढंच होतं. म्हणजे २ कोटी ६९ लाख. मुळात नगरपरिषदेच्या बांधकामांना १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के कर लागू आहे. जुना नमुना उचलला की अशी तूट आत शिरते.

आताचं: इमारत २ कोटी ४० लाख. खोल पाया, मुरूम भराव आणि वाढलेलं लोखंड ३४ लाख. पुढचं आवार, मागचा रस्ता आणि कुंपण ३१ लाख. एक लाख लिटरची जमिनीखालची टाकी, बोअर आणि पंप १९ लाख. वीजजोडणी आणि जनरेटर २२ लाख. बेरीज ३ कोटी ४६ लाख. त्यावर १८ टक्के कर, एक टक्का कामगार कल्याण उपकर, चाचण्या, त्रयस्थ तपासणी आणि सल्लागाराची फी. एकूण ४ कोटी १८ लाख.

आकडा फुगवला असं काहींना वाटलं. पण पाणी, आवार, वीज हे "नंतर बघू" म्हटलं की बघितलं जात नाही. इमारतीसाठी अनुदान मागता येतं. नुसत्या टाकीसाठी किंवा मागच्या रस्त्यासाठी कुणी वेगळं अनुदान देत नाही. उद्घाटन झालेली, पण टँकरने बंब भरणारी केंद्रं मी पाहिली आहेत. म्हणून सगळं एकाच अंदाजपत्रकात.

कर्मचाऱ्यांची निवासस्थानं मात्र सोडावी लागली. वरच्या दोन मजल्यांचा भार पाया आणि खांबांत धरून ठेवला आहे.

३० सप्टेंबर २०२४

निधीची जुळणी. केंद्र सरकारच्या योजनेत आमचा प्रस्ताव राज्याच्या यादीतून जाणार, त्यात आम्ही वाहन आणि श्वसन उपकरणांचे बीए संच मागितले. इमारतीसाठी त्या एकाच दारावर बसून राहिलो नाही. राज्य शासनाच्या वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या विशेष अनुदानातून २ कोटी ५० लाख, जिल्हा वार्षिक योजनेतल्या नगरोत्थान या शहरांसाठीच्या निधीतून ७५ लाख, उरलेले ९३ लाख स्वनिधी.

स्वनिधीवरून खरा वाद झाला. सूचना अशी होती की केंद्राच्या दर्शनी बाजूला आठ गाळे काढावेत, त्यांच्या अनामतीतून साठेक लाख उभे राहतील, वर दरमहा भाडंही येईल. नगरपरिषदेच्या दृष्टीने हा विचार चुकीचा नाही, गावोगाव शाळांखाली आणि वाचनालयांखाली गाळे आहेतच. पण गाळा आला की गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाईक आलं की मोटारसायकल येते, आणि ती लागते ती बंबाच्या दारासमोर. सध्याच्या शेडपुढे आठवड्यातून एक दिवस बाजार भरतो. गाळे काढले असते तर रोज भरला असता. मी बैठकीत मे महिन्यातली फक्कीची छायाचित्रं ठेवली आणि कुठला गाळा कुठल्या वळणात येतो ते दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "मग पैसे कुठून आणायचे, तेही सांगा."

उत्तर शोधून ठेवलं होतं. जुन्या व्यापारी संकुलातल्या कित्येक गाळ्यांची मुदत संपून वर्षं झाली होती, जुन्याच भाड्यावर चालू होते. त्यांचा फेरलिलाव. गाळेधारक नाराज झाले, दोघं न्यायालयातही गेले, पण बहुतेकांनी नव्या दराने करार केले. तेवढ्या अनामतीत ९३ लाखांपैकी मोठा वाटा निघाला.

दुसरं: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली ना-हरकतीपोटी जमणारं शुल्क सर्वसाधारण जमेत मिसळून जात होतं. त्याला वेगळं लेखाशीर्ष मागितलं आणि मिळालं. पुढे डिझेल, होज (बंबाचे पाण्याचे पाइप), देखभाल यांना तोच आधार.

१६ ऑक्टोबर २०२४

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. प्रशासकीय मान्यता दहा दिवस आधी निघाली होती म्हणून वाचलो. निविदा आता निवडणुकीनंतरच.

२४ फेब्रुवारी २०२५

पहिल्या निविदेला एकच ठेकेदार आला, ती रद्द करून दुसरी काढली. दुसऱ्या वेळी तीन आले, सर्वांत कमी दर नऊ टक्के खाली. कमी दरापोटी जादा अनामत घेऊन करार केला. लोकांना वाटतं नऊ टक्के वाचले म्हणजे हाताशी आले. तसं नाही. अनुदानातली बचत परवानगीशिवाय दुसरीकडे वळवता येत नाही, हे कार्यारंभ आदेशाच्या दिवशीच ठेकेदाराला आणि आम्हाला सर्वांना स्पष्ट असलेलं बरं.

२९ मे २०२५

पाऊस यंदा बराच आधी आला. पायांचे खड्डे भरले, काळ्या मातीच्या कडा ढासळल्या. ठेकेदाराला घाई होती, गाळ वरवर काढून काँक्रीट ओतू म्हणाला. अभियंता साहेबांनी तिथंच थांबवलं. तळ पुन्हा मुरूम लागेपर्यंत खणून घेतला, मोजमाप पुस्तिकेत खोलीची नोंद छायाचित्रासह. यात वेळ गेला, गेलाच पाहिजे होता.

२६ सप्टेंबर २०२५

या महिन्यात मराठवाड्यावर जे पाणी आलं ते सर्वांनी पाहिलं. आमची माणसं कित्येक दिवस आगीला नाही, पुराला धावत होती. दोर, ट्यूब, उसनी आणलेली एक बोट. बोट परत येऊन ठेवायला जागा नव्हती, ती नगरपरिषदेच्या जिन्याखाली पडली.

आमच्या नकाशात बोट, लाइफ जॅकेट, ओले कपडे वाळवायची जागा यापैकी काहीच नव्हतं. होज वाळवण्याचा मनोरा आहे, पण माणसाचे कपडे? अग्निशमन केंद्र म्हणताना आम्ही सगळे आगीपुरताच विचार करत होतो. मागच्या बाजूला ट्रेलरसह बोट राहील एवढी पत्र्याची ओसरी आणि वाळवणीची खोली, असा वाढीव कामाचा प्रस्ताव केला. साडेसहा लाख.

६ नोव्हेंबर २०२५

परवा नगरपरिषद निवडणुकीची आचारसंहिता लागली. चालू काम चालू राहतं, वाढीव कामाला मान्यता मिळत नाही. ओसरीचा प्रस्ताव तसाच. मात्र तिच्या खांबांचे पाये मुख्य कुंपणाच्या कामाला लागून असल्याने तेवढी जागा मोकळी सोडून घेतली, पुढे फोडाफोड नको.

१९ जानेवारी २०२६

नवीन सदस्य निवडून आले. पहिल्याच भेटीत त्यांना जागेवर नेलं, सभागृहात सादरीकरण केलं नाही. एका महिला सदस्याने विचारलं, "पुढे मुली फायरमन म्हणून आल्या तर त्यांची खोली कुठं?" नकाशात नव्हती. पहिल्या मजल्यावरची भांडारखोली तळमजल्यावर हलवून तिथं स्वच्छतागृहासह वेगळी खोली धरली. भिंती अजून झालेल्या नव्हत्या म्हणून खर्च किरकोळ. ओसरीलाही मान्यता मिळाली.

१७ फेब्रुवारी २०२६

पहिल्या मजल्याचा स्लॅब झाला. टाकी भरून पाणी उतरतं का ते आठवडाभर पाहिलं, उतरलं नाही. दारांच्या चौकटी बसल्यावर मामांनी मोठा बंब शिडीसह आत घालून बाहेर काढला, दोन्ही बाजूंना भरपूर जागा राहिली.

अनुदानाचा दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचा पैसा कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अडला होता. पहिल्या हप्त्याची देयकं आणि प्रमाणपत्र यांचा मेळ दर महिन्याला घालत गेलं पाहिजे, वर्षअखेरीला एकदम घालायला गेलं की ठेकेदाराचं देयक थकतं आणि काम मंदावतं. आमचं जवळजवळ दोन महिने मंदावलं.

सर्वांत मोठा प्रश्न उरला आहे तो माणसांचा. एका बंबामागे चालक, प्रमुख अग्निशामक आणि चार अग्निशामक, तीन पाळ्या, वर रजा आणि आजारपणाची भर. मंजूर आकृतिबंधात (पदांच्या यादीत) त्याच्या निम्मीही पदं नाहीत. ठेकेदारी पद्धतीने माणसं घेतली तरी सहा महिन्यांचं अग्निशामक प्रशिक्षण झालेलीच घ्यायची, हा ठराव करून घेतला. वाढीव पदांचा प्रस्ताव इमारतीच्या प्रस्तावाबरोबरच, म्हणजे २०२३ मध्येच, पाठवायला हवा होता. पदमंजुरीला इमारतीपेक्षा जास्त काळ लागतो. नवीन केंद्र करणाऱ्यांनी दोन्ही फायली एकाच दिवशी पुढे काढाव्यात.

निवासस्थानांसाठी खांबांची लोखंडं वर सोडली आहेत. गंजू नयेत म्हणून सिमेंटचा गिलावा करून, वर हलक्या काँक्रीटने झाकून घेतली. दोन मजल्यांचं अंदाजपत्रक नव्या दरसूचीने तयार आहे, २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात तरतुदीसाठी कालच लेखा विभागाकडे दिलं.